चूक एकच, पण पक्की

५ जानेवारी

ताई,

ठाण्याच्या कागदावर लिहितोय म्हणून दचकू नकोस. तुझ्याविरुद्ध कुणाची तक्रार आलेली नाही. घरातलं पत्राचं पॅड संपलंय, आणि पोलीस ठाण्यात कागद हीच एक गोष्ट कधी कमी पडत नाही.

रविवारी तुझ्या वहिनीला घेऊन तो आगगाडीवरचा सिनेमा पाहिला. तुझ्याकडेही लागला असेल. भिंतीभिंतीवर तो दाढीवाला डब्याच्या टपावर उभा आहे. सव्वादोन तासांत एक्केचाळीस माणसं मरतात. मी मोजली, सवय वाईट. आमच्याकडे एका प्रेताला किमान साडेचार पानं लागतात. पंचनामा आला, ओळख पटवणं आलं, अंगावरच्या वस्तूंची यादी आली, नातेवाइकांची पोच आली. म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी पानं आणि वर अर्धं. शेवटी पोलीस अधिकारी येतो, नायकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि दोघं मावळतीकडे चालू लागतात. मी म्हटलं, "हे चालले फिरायला, आणि तिकडे माझ्यासारखा कुणीतरी तीन महिने लिहीत बसणार." वहिनी म्हणाली, "पॉपकॉर्न खा आणि गप्प बस."

आता चूक. कागदपत्रांची तक्रार तू चूक म्हणून धरत नाहीस, तो माझा स्वभाव आहे असं म्हणतेस. ठीक. मग ही घे. बोगद्याच्या आधी नायकाच्या डाव्या दंडाला गोळी लागते आणि बोगद्यानंतर त्याच हातानं तो इंजिनाचा ब्रेक ओढतो. बोल.

थिएटरातून निघताना मामांची आठवण झाली. मध्यंतरात मॅनेजर चहाला गेला की मामा बाजूचं दार किलकिलं करायचे आणि आपण दोघं आत. मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर त्यांनी आधीच रुमाल टाकून ठेवलेला असायचा. डोअरकीपरची मुलगी आणि डोअरकीपरचा भाचा, एवढ्या वशिल्यावर पंधराव्या वर्षापर्यंत आपण असंख्य सिनेमे पाहिले आणि एकाचाही पहिला भाग पाहिला नाही. खुनी पकडलेला बघायचा आणि घरी जाताना खून कसा झाला असेल ते ठरवायचं. ठाण्यात कारकून झालो तो त्याच शिक्षणावर. आमच्याकडेही असंच चालतं.

तुझा,
मुन्शी


१४ जानेवारी

मुन्शीबुवा,

तुझी चूक अर्धीच. गोळी लागलेल्या हातानं ब्रेक ओढता येतो. पहिला काही वेळ माणसाला काही कळत नाही. मोडक्या पायानं चालत आलेले लोक मी आमच्या अपघात विभागात पाहिलेत. खरी चूक पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच हातानं केस विंचरतो. सत्तावीस वर्षं मी या वॉर्डात आहे. दंडाला गोळी लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी केस विंचरत नाही, लघवीला जायचं तरी सिस्टरला हाक मारतो.

मी त्या बँक लुटणाऱ्या बायकांचा पाहिला. बायका झकास आहेत, पण त्यांनी पहारेकऱ्याच्या डोक्यात फुलदाणी घातली की तो बरोब्बर त्यांना लागतो तेवढाच वेळ बेशुद्ध राहतो, आणि उठून विचारतो, "मी कुठे आहे?" आमच्याकडे शुद्धीवर आलेला माणूस आधी ओकतो. बहुतेक वेळा माझ्या बुटांवर.

हसण्यावारी नेते आहे, पण कधीकधी चीड येते. या सिनेमांनी लोकांना पटवून दिलंय की माणूस फार मजबूत असतो. तो नसतो रे. एक ठोसा, मग टेबलाची एक कड, एवढ्यात संपतो. आमच्या एक्स-रेवाल्याला विचार. तो प्रत्येक मारामारीचा सिनेमा पहिल्या दिवशी बघतो आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगतो, आज किती कवट्या फुकट गेल्या.

फोन का करत नाहीस म्हणून विचारणार नाही. फोनवर आपण दोघं फक्त तब्येत विचारतो. शिवाय तुझं अक्षर बघितलं की बरं वाटतं. शाळेत तुझी वही सगळ्या वर्गात फिरवायचे, आठवतं? तुझ्या अक्षरात थापसुद्धा खरी वाटेल.

पुढच्या वेळी चूक एकच पाठव, पण पक्की.

ताई


२५ जानेवारी

ताई,

१९ तारखेला एक सिनेमा पाहिला. एकट्यानं. नाव आठवत नाही, नटही ओळखीचे नव्हते. गाणी नाहीत. मारामारीचा म्हणता येणार नाही, कारण मारामारीला दोन बाजू लागतात.

कथानक असं. एक किल्लीवाला आहे. वय अंदाजे पंचावन्न, बांधा सडपातळ, बाजाराच्या तोंडाशी हातभर दुकान. एका बड्या घरी चोरी होते. कुलूप फोडलेलं नाही, किल्लीनं उघडलंय. त्या घराच्या किल्ल्या सहा महिन्यांपूर्वी यानंच करून दिलेल्या. म्हणून सकाळी अकरा वाजता त्याला ठाण्यात आणतात. ठाण्याचे साहेब घाईत आहेत, कारण त्या घरातून दर तासाला फोन येतोय.

ठाण्यात एक कारकून आहे. त्याला जबाब लिहायला बसवतात. साहेब सांगतात, कारकून लिहितो, किल्लीवाल्यानं फक्त सही करायची. इथवर सगळं नेहमीसारखं. पण हा माणूस खिशातून चष्मा काढतो. चष्म्याची डावी काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली आहे. म्हणतो, "याच्याशिवाय मला समोरचं दारसुद्धा दिसत नाही. वाचतो आणि करतो सही." आणि खरंच वाचतो. बोट ठेवून, ओळीओळीनं. दुसऱ्या पानावर बोट थांबतं.

"साहेब, इथे चुकलंय. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. इथे आलंय, मला ठाऊक होतं." मग कारकुनाकडे बघून म्हणतो, "अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं."

साहेब त्याच्या नाकावरचा चष्मा उपटून कारकुनाच्या टेबलावर टाकतात. "आता कर सही."

"आता तर दिसतच नाही, साहेब."

तो विनोद करत नसतो. पण दोन शिपाई हसतात, आणि साहेबांना ते हसणं झोंबतं. कारकून चष्मा फुटू नये म्हणून उचलून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो.

किल्लीवाल्याला मागच्या खोलीत नेतात. पश्चिमेकडील भिंतीला लागून लोखंडी टेबल, पूर्वेकडे खिडकी, बंद स्थितीत. वेळ दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटे. यापुढे कॅमेरा कारकुनावरच आहे. त्याला दिसत काही नाही, ऐकू येतं. तो तारखेचा शिक्का शाईत बुडवतो, कोऱ्या कागदावर मारतो, पुन्हा बुडवतो. चार वाजून दहा मिनिटांनी आवाज थांबतात.

साहेब बाहेर येतात, हात धुतात आणि म्हणतात, "वही काढ." ठाण्यात रोज काय घडलं ते लिहायची वही असते. पानांवर छापील आकडे असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही आणि खाडाखोड लपत नाही. म्हणून कारकून कपाटातून कोरी वही घेतो आणि महिन्याच्या एक तारखेपासून सगळी नव्यानं उतरवून काढतो. अठरा दिवस जसेच्या तसे. एकोणिसावा असा: "साडेतीन वाजता चौकशी संपवून सोडून दिले. अंगावरील सर्व वस्तू परत केल्या. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना चक्कर येऊन पडला. दवाखान्यात नेत असता मयत." दिवे लागेपर्यंत वही तयार होते. जुनी वही साहेब घरी घेऊन जातात. जाताना म्हणतात, "सगळ्या खात्यात असं अक्षर नाही."

संपला सिनेमा. शेवटी कुणी मावळतीकडे चालत वगैरे जात नाही. कारकून डबा उचलतो आणि घरी जातो.

मी चूक शोधली. सापडली नाही. तुझी नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. तुला सापडली तर कळव.

मुन्शी


२ फेब्रुवारी

मुन्शी,

किती दिवसांनी एक धड सिनेमा! तीनदा वाचलं तुझं पत्र. "मारामारीला दोन बाजू लागतात" हे वाक्य वॉर्डातल्या फळ्यावर लिहावंसं वाटलं. एक गोष्ट तर या लोकांनी फार शहाणपणानं केलीय. मारताना दाखवलं नाही, शिक्का मारताना दाखवलं. इतकी अक्कल सिनेमावाल्यांना कुठून आली?

"पायऱ्या उतरताना पडला" इथे मात्र मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करायला उठले. का ते पुन्हा कधीतरी.

तो कारकून मला मुळीच आवडला नाही. साहेब निदान काहीतरी करतो, वाईट का होईना. हा नुसता लिहितो. असल्या पात्राला शेवटी दिग्दर्शकानं एखादी कानफटात तरी द्यायला हवी होती.

आणि म्हणे चूक सापडली नाही! मुन्शी, म्हातारा झालास तू. खालचा ड्रॉवर! कारकून चष्मा त्यात ठेवतो, आणि पुढे सिनेमा संपेपर्यंत तो ड्रॉवर कुणी उघडतच नाही. वही म्हणते, सर्व वस्तू परत केल्या, माणूस आपल्या पायांनी बाहेर पडला. हाच माणूस दुपारी सांगून चुकलाय की चष्म्याशिवाय दार दिसत नाही. मग तो चष्मा न मागताच निघाला? मी चाळीस वर्षं चष्मा लावते. घराला आग लागली तरी माझा हात आधी चष्म्याकडे जाईल, मग लेकराबाळांकडे. तो सुटला असता तर चष्मा त्याच्या नाकावर हवा होता, आणि पायऱ्यांवर पडला असता तर पायऱ्यांवर काचा हव्या होत्या. चष्मा ड्रॉवरमध्येच राहिला. दिग्दर्शक विसरला.

चूक एकच, पण पक्की. वाजव टाळ्या. आणि नाव आठवलं की कळव, मलाही बघायचाय.

ताई


२४ फेब्रुवारी

मुन्शी,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. चूक मी शोधली म्हणून रुसायचं तुझं वय गेलं.

नाव तू सांगेनास, म्हणून मी एक्स-रेवाल्याला गाठलं. त्याला अख्खी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सिस्टर, असा सिनेमा नाही." मी म्हटलं, तुला सगळे ठाऊक असतात का? तो म्हणाला, "सगळे." मग मी घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. या वेळी सिनेमा म्हणून वाचलं नाही.

"पश्चिमेकडील भिंतीला लागून." "बंद स्थितीत." "चार वाजून दहा मिनिटांनी." थिएटरात बसलेल्या माणसाला पश्चिम कुठली ते कळत नाही रे. आणि अंधारात घड्याळ कोण बघतं? एका पत्रात पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सगळं सांगितलंस, कुठेही अंदाज नाही. आपण दोघांनी असा सिनेमा आयुष्यात पाहिलेला नाही.

कारकुनाबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. पण तो तू असशील असं मला वाटलं नव्हतं.

तो ड्रॉवर उघडलास का?

ताई


१ मार्च

ताई,

उघडला. तुझं २ फेब्रुवारीचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि तसाच खाली वाकून उघडला. शाईचे जुने पॅड, पिनांचा डबा, आणि मागे चष्मा. मी ठेवला होता तसा. ताई, तुझ्या गळ्याची शपथ, तुला लिहिताना ड्रॉवर लिहिला, पण चष्मा अजून त्यातच आहे हे मी विसरलो होतो. त्या संध्याकाळी अठरा दिवस उतरवून काढले, त्यात हरवलेली सायकलसुद्धा सोडली नाही, आणि हाताखालचा चष्मा विसरलो.

तुझं पत्र येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की माणूस गेला तो गेला, वही नीट आहे. तुझ्या पत्रानंतर वही नीट राहिली नाही.

त्याची बायको रोज येते. शिवणकाम करते, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा आहेत. व्हरांड्यातल्या बाकावर बसते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "त्यांचा चष्मा तरी द्या." शिपायानं वहीत बघून सांगितलं, सगळं परत दिलंय, पडले तेव्हा रस्त्यात कुठेतरी उडाला असेल. तर ती दोन दिवस पायऱ्यांखालच्या गटारात हात घालून शोधत होती. माझ्या खिडकीतून दिसत होतं. तेव्हा मला वाटलं, बिचारी. एवढंच वाटलं. ड्रॉवरची आठवण तेव्हाही झाली नाही. याला काय म्हणायचं ते तू ठरव.

चष्मा नाहीसा करावा म्हणून तीनदा खिशात घालून निघालो. वाटेत पूल लागतो. तिन्ही वेळा परत आणून ठेवला.

तुला सगळं सांगतो म्हणजे तू मला भित्रा म्हणताना निदान पुराव्यानिशी म्हणशील. माझी तीन वर्षं राहिलीत. घर खात्याचं आहे. पोरगी याच खात्यात लागलीय, प्रशिक्षण चालू आहे. साहेब रोज सकाळी विचारतात, "पोरीचं कसं चाललंय? काही अडचण असेल तर सांग, तिकडे आपली ओळख आहे." इतक्या आपुलकीनं विचारतात की मला घाम फुटतो.

वरून चौकशी बसलीय. २७ मार्चला मला बोलावलंय. वही दाखवतील आणि विचारतील, हे तुझं अक्षर का? मी हो म्हणायचं आणि घरी यायचं. एवढंच काम आहे.

म्हणून एक कर. माझं २५ जानेवारीचं पत्र जाळून टाक. जाळलं की कळव.

मुन्शी


७ मार्च

मुन्शी,

"पायऱ्या उतरताना पडला" इथे मी चहा करायला का उठले ते आता सांगते. बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी एक बाई वॉर्डात आली. मनगट मोडलेलं. नवरा सोबत होता, गोड बोलणारा, आम्हा सगळ्या सिस्टरना बिस्किटं आणलेली. म्हणाला, जिन्यावरून पडली. बाई काही बोलली नाही. मी केसपेपरवर लिहिलं, "जिन्यावरून पडल्याने." मनगटाच्या वर चार बोटांचे ठसे होते, स्वच्छ दिसत होते. जिन्याला बोटं नसतात हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा ती आली ती बरगडी घेऊन. पुन्हा जिना. पुन्हा मीच लिहिलं. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि मान वळवली. तिसऱ्यांदा तिला आणलं ते मेलेलीच; लिहायला मी ड्यूटीवर नव्हते, आणि तिलाही आता काही सांगायचं उरलं नव्हतं.

पुढे चौकशी झाली. माझेच दोन कागद नवऱ्यानं पुढे केले. बघा, बाईला पडायची सवयच होती. दवाखान्यानंच लिहिलंय. तो सुटला.

तेव्हापासून मी सिनेमात चुका शोधते. लोकांना वाटतं, काय तल्लख बाई आहे. मी माझी एक चूक सोडून बाकी सगळ्यांच्या शोधत असते.

तुला धीर देण्यासाठी हे लिहीत नाही. मला धीर देता येत नाही, इंजेक्शन देता येतं. लिहिते एवढ्यासाठीच, की तू मला जाळायला सांगितलेलं पत्र मी जाळू शकत नाही. मी आधीच दोन कागदांची धनीण आहे, तिसरा मला झेपायचा नाही. ते सोबत परत पाठवतेय, पाकिटासकट. पाकिटावर तुमच्या टपालाचा २५ जानेवारीचा शिक्का आहे. चौकशीचं नावही नव्हतं तेव्हाचा. आगपेटी तुझ्या घरी असेलच. जाळायचं तर तुझ्या हातानं जाळ, आणि मला कळवू नकोस.

पोरीबद्दल. तिची भीती वाटणं खरं आहे, मी हसत नाही. पण एवढंच मनात आण. उद्या तिला कुठल्यातरी ठाण्यात बसवतील, आणि कुणीतरी तिला सांगेल, "वही काढ." तेव्हा तिनं काय करावं असं तुला वाटतं?

तुझी,
ताई


२८ मार्च

ताई,

सिनेमात साक्षीदार शेवटच्या क्षणी दार ढकलून धापा टाकत येतो, आणि सगळे माना वळवून बघतात. मी साडेनऊलाच जाऊन बसलो होतो. पावणेएकला बोलावलं. तीन तास बाकावर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला किल्लीवाल्याची बायको. तिनं डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली. मी घेतली नाही. साहेब समोरून गेले, माझा खांदा थोपटला, म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे."

चौकशी अधिकारी बाई होत्या. सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. वही माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

मी म्हटलं, "अक्षर माझं आहे. मजकूर माझा नाही."

बाईंनी रुमाल खाली ठेवला.

मग मी खिशातून त्याचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुठे होता, कुणी ठेवला, कधीपासून, सांगितलं. जुनी वही कुणी नेली ते सांगितलं. साहेबांचे वकील उठले, म्हणाले, "असले चष्मे बाजारात पैशाला पासरी मिळतात. हा त्याचाच कशावरून?" बाईंनी किल्लीवाल्याच्या बायकोला आत बोलावलं. तिनं चष्मा उचलला नाही. आधी नुसतं बोटानं दोऱ्याला शिवली. म्हणाली, "हा माझ्या मशीनवरचा दोरा आहे. गाठ मी दातानं तोडली होती, अजून तशीच आहे." मग उचलला, बाहीनं दोन्ही काचा पुसल्या आणि परत होता तिथे ठेवला. पुरावा म्हणून तो ठेवून घ्यावा लागेल असं बाईंनी सांगितलं. तिथला लेखनिक यादीत लिहू लागला, "चष्मा, नग एक." ती म्हणाली, "डावी काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली. तेही लिहा." त्यानं लिहिलं. तिनं त्याच्या खांद्यावरून वाकून खात्री केली. वाचता येतं तिला. वाचायची सवय दोघांनाही होती म्हणायची.

तुझं परत आलेलं पत्र, म्हणजे माझंच, तेही दिलं. बाईंनी पाकिटावरचा शिक्का भिंगातून पाहिला. सगळं वाचून झाल्यावर विचारलं, "हा कुठला सिनेमा?"

"कुठलाच नाही, बाई. सरळ लिहायची हिंमत नव्हती."

बाहेर आल्यावर ती बाकावर होती. मी जाऊन उभा राहिलो. तीच म्हणाली, "दोन महिने तुमच्या टेबलात होता?" मी हो म्हटलं. "मी गटारात शोधत होते तेव्हा?" मी हो म्हटलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेली. ताई, तुला हवी असलेली कानफटात मिळाली. आवाज झाला नाही एवढंच.

ठाण्याच्या गाडीत मला कुणी घेतलं नाही, चालत घरी आलो. आज सकाळी निलंबनाचा आदेश आला. माझा हुद्दा चुकीचा लिहिलाय आणि अक्षर भयंकर आहे. वहिनी भांडी आवरायला लागलीय. घर कधी सोडायला सांगतील नेम नाही. रागावलेली नाही, पण भांडी जरा जोरात आवरतेय. पोरीचा फोन आला होता. तिला तिथे कुणीतरी सांगितलं होतंच. म्हणाली, "बाबा, मी इथे टिकेन. तुम्ही टिका."

पुढे काय होईल ठाऊक नाही. साहेब अजून खुर्चीत आहेत. सात एप्रिलला त्यांचे वकील माझी उलटतपासणी घेणार. तो चष्मा मीच पळवला, मीच वही बदलली, असं माझ्यावर शेकवणार, हे आत्तापासून ऐकू येतंय. दोन्ही शिपाई आजारपणाच्या रजेवर गेलेत.

म्हणजे मध्यंतर झालंय म्हण. आपण दोघं नेहमी इथूनच आत शिरायचो आणि पहिला भाग अंदाजानं ठरवायचो. या वेळी तो कुणाला ठरवायचा नाही. लिहून दिलाय, सही केलीय. सही करण्याआधी वाचला. बोट ठेवून, ओळीओळीनं.

तुझा,
मुन्शी


३१ मार्च

मुन्शी,

सात एप्रिलची रजा टाकली. मेट्रन म्हणाली, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, "खरं ते लिहा. भावाची साक्ष."

आदल्या दिवशीच पोचते. वहिनीला सांग, उरलेली भांडी मी आवरेन, हळू.

किल्लीवाल्याच्या बायकोशेजारी बसायचा मला काही अधिकार नाही. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासाठी जागा धर. रुमाल टाकून ठेव.

ताई